फ्रेंच येतं पण तोंड उघडत नाही: ब्रेस्तला शिकणाऱ्या मालवणच्या मुलीला उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी मालवणची, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतलेली, आता फ्रान्समध्ये ब्रेस्तला समुद्राशी संबंधित विषयात मास्टर्स करतेय. लेक्चर्स बरीचशी इंग्रजीत. जायच्या आधी डेल्फ बी१ ही फ्रेंचची मधल्या पातळीची परीक्षा पास झाली, तेही चांगल्या मार्कांनी. आणि तरी सप्टेंबरपासून तिकडे राहून बेकरीत बोट दाखवून ब्रेड घेते, फोन वाजला की उचलत नाही, चुकून बोलायला गेली की समोरचा इंग्रजीवर येतो, आणि जेवणाच्या टेबलावर सगळे हसले की ही पण हसते. विचारतेय की कॉन्फिडन्स आणायचा कसा, अजून एखादा कोर्स लावू का, उच्चार सुधारायला काय करू, आणि पुढची पातळी, बी२, आत्ताच देऊन टाकू का.

मी रत्नागिरीत फ्रेंच शिकवते, त्याआधी रेनला शिकले, म्हणजे फ्रान्सच्या तुझ्याच वायव्य भागात, ब्रिटनीत. कोकणातून तिकडे गेलेली मुलं पहिल्या हिवाळ्यात फोन करतात आणि थोड्याफार फरकाने हेच सांगतात, म्हणून जरा हात मोकळा सोडून लिहिते.

अगं, आधी नीट आठवून बघ की नक्की कुठल्या क्षणी पोटात गोळा येतो. "यून बागेत सिल व्हू प्ले" (एक बागेत, म्हणजे लांब ब्रेड, द्या) हे तू झोपेतून उठवलं तरी म्हणशील. तुझी पाचावर धारण बसते ती त्यानंतर काउंटरच्या पलीकडून जे सुसाट येणार त्याने. बाई विचारते "त्रादिस्यों?", मग "ब्यँ क्वीत?", मग "ए आव्हेक ससी?", आणि तुझ्या मागे लाइन. पहिलं म्हणजे साधा बागेत देऊ का त्रादिस्यों, म्हणजे पारंपरिक पद्धतीचा, दुसरं म्हणजे जास्त भाजलेला हवा का, तिसरं म्हणजे अजून काय देऊ. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुला येतात, प्रश्नच कळले नाहीत एवढंच. त्यामुळे "मला बोलता येत नाही" हे जे तू स्वतःला रोज सांगतेयस ते आधी बंद कर, तुला ऐकायची सवय नाहीये आणि त्याचा इलाज वेगळा आहे. बोलण्याची प्रॅक्टिस म्हणून आरशासमोर उभं राहून स्वतःची ओळख करून देणारी मुलं मी खूप बघितलीत, ती छान ओळख करून देतात आणि पहिल्या उलट प्रश्नाला ढेपाळतात.

बी१ ची तोंडी म्हणजे काय असतं? पंधरा मिनिटांच्या आसपास, शांत खोली, समोर ट्रेनिंग घेतलेले परीक्षक, ते सावकाश बोलतात, तुझं वाक्य संपायची वाट बघतात, नकार देताना "न" आणि "पा" दोन्ही तुकडे वापरतात. रस्त्यावर असं कोणीही बोलत नाही. पुस्तकातलं "ज न से पा" (मला माहीत नाही) तुला ऐकू येतं "शे पा". "इल न्या पा" (नाहीये) चं होतं "या पा". "ज स्वी" चं "श्वी", "त्यू आ" चं "ता", आणि "आम्ही" साठीचं "नू" तर कर्ता म्हणून बोलताना जवळजवळ गायबच, सगळीकडे "ओं". नकारातला "न" पडला की अजून एक गंमत होते. "प्ल्यू" मधला शेवटचा "स" उच्चारला तर "जास्त", नाही उच्चारला तर "संपलं, आता नाही". मासेवाल्याने "यां ना प्ल्यू" म्हटलं आणि तू हसून "वी" (हो) म्हणत उभी राहिलीस तर तो बिचारा तुझ्याकडे बघत बसणार, कारण त्याने सांगितलंय की माल संपला.

बंदरावरचा लिलाव आठव. मुंबईचा पाहुणा पहिल्यांदा तिथे उभा राहिला की त्याला नुसती आरडाओरड ऐकू येते, आणि तुला लहानपणापासून माहितीय की त्यात शब्द मोजकेच आहेत, माशाचं नाव, आकडा, कोणी घेतला. दुकानातलं, बसमधलं, कॉलेजच्या ऑफिसातलं फ्रेंच पण तसंच आहे, तीच वीसपंचवीस वाक्यं फिरून फिरून येतात. ती ऐकू यायला लागली की तोंड आपोआप सुटतं, हे मी एवढ्या मुलांत बघितलंय की आता मी बोलायला शिकवण्याच्या आधी हेच शिकवते.

तर करायचं काय? एक ठिकाण पकड आणि तिथेच जा. रोज नवीन दुकान नको. एकच बेकरी, एकच भाजीवाला, आणि बाजाराच्या दिवशी एकच मासेवाला. मासे तर तुझं माहेर आहे गं, तिथून सुरुवात कर. माक्रो म्हणजे बांगडा (आपला आणि तिकडचा जात वेगळी, पण भावकी तीच), सार्दीन तारलीच्या घरातली, क्रव्हेत कोळंबी, युईत्र म्हणजे कालवं, आणि ही ते डझनावर विकतात. आता हे संभाषण बघ. तू जाऊन आधी "बोंजूर" म्हणायचं, डोळ्यात बघून, आणि थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे. आपल्याकडे दुकानात गेलं की सरळ "अर्धा किलो कांदे द्या", त्यात कुणाला वावगं वाटत नाही, तिकडे बोंजूर न म्हणता काही मागितलं की माणूस तिथेच आखडतो, आणि मग तुला वाटतं माझ्या फ्रेंचमुळे आखडला. त्याने उलट बोंजूर म्हटलं की "ज व्हुद्रे कात्र माक्रो, सिल व्हू प्ले", म्हणजे चार बांगडे द्या. आता तो विचारणार "ज व्हू ले व्हीद?", म्हणजे साफ करून देऊ का. "वी, मेर्सी." मग येणार "ए आव्हेक ससी?", त्यावर "स स्रा तू, मेर्सी", म्हणजे एवढंच. मग आकडा, मग कार्ड का रोख, मग निरोपाचं "बॉन जुर्ने" आणि तू पण "बॉन जुर्ने". संपलं. पहिल्या आठवड्यात एवढंच. दुसऱ्या आठवड्यात एकच वाक्य वाढव, उदाहरणार्थ हे कालचे का आजचे. तिसऱ्या आठवड्यात तूच त्याला सांग की मी पण बंदरावरची आहे, आमच्याकडे बांगडा तिखट आमटीत घालतात. मग तो विचारेल कुठलं बंदर, आणि बघ मग कोण कोणाला थांबवतं.

एकाच जागी जाण्याचा फायदा असा की त्याचे प्रश्न तुला आधीच माहीत असतात, त्यामुळे डोकं ऐकण्यात अडकत नाही, बोलायला मोकळं राहतं. आणि माणूस ओळखीचा झाला की तो इंग्रजीवर जात नाही. आता इंग्रजीवर जाणाऱ्यांबद्दल. तुला वाटतं तुझं फ्रेंच ऐकून कंटाळले म्हणून वळले. बऱ्याचदा त्याला त्याचं इंग्रजी वापरायची हौस असते, किंवा तू अडकलीस ते बघून मदत म्हणून करतो. हसून म्हणायचं, "ज प्रेफेर एसेये आं फ्रांसे", मी फ्रेंचमध्येच प्रयत्न करते. शंभरातले बहुतेक जण खूश होतात. उरलेल्यांशी बोल इंग्रजी, त्यात काय अपमान नाही.

कळलं नाही तर काय, हा पुढचा प्रश्न. "रेपेते सिल व्हू प्ले" (परत सांगा) एवढंच म्हणशील तर तो तेच वाक्य त्याच स्पीडने, फक्त मोठ्याने म्हणणार. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं परत बोलून दाखव आणि अडलेली जागा विचार. "मार्दी का मेर्क्रदी?" (मंगळवार का बुधवार?) "सकाळी का दुपारी?" असं विचारलं की समोरच्याला कळतं हिला ऐंशी टक्के समजलंय, फक्त वार निसटला, आणि तो तेवढंच नीट सांगतो. आणि शांतता भरायला आपले तुकडे हवेत, आपण मराठीत "म्हणजे कसं आहे ना" म्हणत वेळ काढतोच की, तसं "आलोर..." (तर...), "आं फेत" (खरं म्हणजे), "कोमां दीर" (कसं सांगू), "आतांदे, ज शेर्श मों मो" (थांबा, शब्द शोधतेय). हे म्हणताना तू अडखळलेली वाटत नाहीस, विचार करणारी वाटतेस. फ्रेंच लोक स्वतः दर दुसऱ्या वाक्याला "द्यू कू" (त्यामुळे) घालतात, त्याचा तिथे काही अर्थ असतोच असं नाही.

वाक्य मधेच अडकण्याचं एक कारण आपल्या मराठीत आहे. आपलं क्रियापद शेवटी. "मला उद्या डॉक्टरांकडे जायचंय" यात जायचंय येईपर्यंत आपण आरामात विचार करतो. फ्रेंचमध्ये कर्ता आणि क्रियापद पहिल्याच श्वासात द्यावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्या डोक्यात "उद्या" आणि "डॉक्टर" चाललेले असतात. म्हणून सुरुवातीचे पाचसहा तुकडे घोटून ठेव. "ज व्हुद्रे" (मला हवंय), "एस्क ज प" (मी करू शकते का), "जे ब्ज्वँ द" (मला गरज आहे), "से पोसिब्ल द" (शक्य आहे का), "या अं प्रोब्लेम आव्हेक" (अमुक गोष्टीत प्रॉब्लेम आहे), "से पूर" (हे अमुकसाठी आहे). तोंडातून तुकडा निघाला की पुढचं नाम शोधायला तुला वेळ मिळतो, आणि नाम नाही सापडलं तर वस्तूकडे बोट दाखव, पण वाक्य फ्रेंचमध्ये सुरू झालेलं असू दे.

आणि एक सांगते, इंग्रजीवरून फ्रेंचकडे जाऊ नकोस, थेट मराठीवरून जा. लिंगाप्रमाणे विशेषण बदलणं इंग्रजीवाल्याला डोकेदुखी, आपण जन्मापासून मोठा दगड मोठी वाट म्हणतोय. तू-तुम्ही आपल्याकडे आहेच, फक्त तिकडे वर्गातली मुलं पहिल्या मिनिटाला तू वर येतात आणि सर-मॅडम लोकांना "व्हू" राहतं. आणि ते जे सगळ्यांना छळणारं प्रकरण, की कर्म आधी आलं तर भूतकाळातलं क्रियापद कर्माप्रमाणे वळतं, ते आपण "मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला" म्हणताना रोज करतो.

उच्चाराचं तू विचारलंयस त्यात तर मालवणी माणसाने खरं म्हणजे शेखी मिरवायला हवी. "खंय", "थंय" म्हणताना नाकातून जो आवाज काढतेस ना, तो काढायला मुंबई-पुण्याची मुलं महिने घालवतात. व्हँ म्हणजे वाइन, व्हाँ म्हणजे वारा, व्हों म्हणजे "ते जातात", तीन वेगळे अनुनासिक, आणि शेवटी "न" किंवा "ग" चा टोला द्यायचा नाही. दुसरा फायदा म्हणजे आपला त आणि द. फ्रेंचचा "त" दातांवरचा, आपल्या तवा मधला, इंग्रजीसारखा ट नव्हे, आणि प-त-क नंतर हवा सोडायची नसते, ती आपण सोडतच नाही. म्हणजे इंग्रजी बोलताना लागलेली ट-ड ची सवय फक्त बाजूला ठेव. खरा कष्टाचा स्वर एकच, "त्यू" (तू) मधला. जीभ "ई" ची ठेव आणि ओठ "ऊ" चे कर. तो नाही जमला तर "द्स्यू" आणि "द्सू" मध्ये, म्हणजे वर आणि खाली मध्ये, घोळ होतो, तेव्हा त्यावर वेळ घाल. घशातल्या "र" वर मात्र जीव काढू नकोस. आपल्या र ने बोललीस तरी सगळ्यांना कळतं, आणि काही काळाने तो आपोआप घशात सरकतो, नाही सरकला तरी काही बिघडत नाही.

आकडे वेगळे काढून पाठ कर, कारण फोनवर सगळा गोंधळ आकड्यांचा असतो. ऐंशी म्हणजे चार विसा, आपली आजीआजोबा मंडळी मोजायची तसंच, नव्वद म्हणजे चार विसा नि दहा, सत्तर म्हणजे साठ नि दहा. त्यातून फोन नंबर जोडीजोडीने सांगतात, मोबाइल ०६ किंवा ०७ ने सुरू होतो आणि दहा अंक पाच जोड्यांत. कोणी "स्वासांत..." म्हणाला की लगेच ६ लिहून मोकळी होऊ नकोस, मागून "कँझ" आलं की ते ७५ असतं. मैत्रिणीला सांग रोज दोन नंबर व्हॉइस नोटमध्ये पाठवायला, तू लिहून फोटो पाठव. कंटाळवाणं आहे पण याच्याइतकं झटपट फळ देणारं दुसरं काही मी बघितलेलं नाही.

फोन उचलायची भीती सगळ्यात शेवटी जाते, कारण तिथे ओठ दिसत नाहीत. तोपर्यंत फोन तू कर, आलेला नको उचलूस. स्वतः केला की विषय तुझा असतो. आधी कागदावर पहिलं वाक्य, तुझ्या आडनावाचं स्पेलिंग फ्रेंच अक्षरांत (आपली आडनावं त्यांना झेपत नाहीत, प्रत्येक वेळी अक्षर-अक्षर सांगावं लागतं आणि त्यांचं "आय" हे अक्षर "ई" असं ऐकू येतं), आणि अपेक्षित तीन प्रश्न. सुरुवात केस कापायच्या अपॉइंटमेंटपासून कर, लायब्ररी किती वाजता उघडते ते विचार, म्हणजे चुकलं तरी नुकसान नाही. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटच्या डॉक्टोलिब अॅपवर सगळं क्लिक करून होतं हे मला माहितीय. सुपरमार्केटातलं सेल्फ चेकआउट पण आहे. ही सगळी सोय तुझ्या फ्रेंचच्या मुळावर आलेली आहे, निदान आठवड्यातून एकदा माणूस बसलेल्या काउंटरला जा.

आता कानाचं. आर.एफ.आय. या रेडिओची सोप्या फ्रेंचमधली रोजची दहा मिनिटांची बातमीपत्रं असतात, सोबत लिहिलेला मजकूर पण मिळतो. त्यातलं अर्धं मिनिट घे. आधी नुसतं ऐक, मग मजकूर बघत ऐक, मग त्यांच्या बरोबरीने पुटपुट, शब्द संपला तरी त्यांच्या श्वासाने चाल. फ्रेंचमध्ये शब्द सुटे ऐकू येत नाहीत, मागच्या शब्दाचं व्यंजन पुढच्याला जाऊन चिकटतं आणि जोर गटाच्या शेवटच्या अक्षरावर असतो, हे तोंडाने केल्याशिवाय कानाला उमगत नाही. पण बातम्या म्हणजे इस्त्री केलेलं फ्रेंच. म्हणून जोडीला स्थानिक रेडिओ लाव, पूर्वीचं फ्रान्स ब्लू, २०२५ पासून ज्याचं नाव "इसी" झालंय. तिथे श्रोते फोन करून बोलतात, अर्धवट वाक्यं, "शे पा", "बेन" सगळं असतं. भांडी घासताना चालू ठेव.

जेवणाचं टेबल हा सगळ्यात अवघड प्रकार आहे आणि तू तिथूनच स्वतःला मार्क देतेयस, हे मला पटत नाही. सहा जण एकदम बोलतात, एकमेकांचं वाक्य तोडतात, शब्द उलटे करून वापरतात ("फाम", म्हणजे बाई, चं "मफ", "फू", म्हणजे वेडा, चं "उफ"), आणि विनोद गेल्या वर्षीच्या ट्रिपवरचे. तिथे बी२ वाला पण गप्प बसतो. ग्रुपमध्ये बोलायला शिकायचं तर हाताला काम असलेला ग्रुप शोध. युनिव्हर्सिटीचा क्रीडा विभाग असतो, बॅडमिंटन, शिडाची बोट, काय हवं ते, तिथे बोलणं कामापुरतं आणि समोर दिसत असलेल्या गोष्टींबद्दल असतं, त्यामुळे कळतं. फेस्त-नोझला जा. ब्रिटनीची ही रात्रीची सामूहिक नाचाची परंपरा २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, करंगळीत करंगळी अडकवून साखळीने नाचतात, आजीपासून नातवापर्यंत. जाखडीच्या गावातली पोरगी तू, पाय आपोआप धरशील, आणि शेजारची बाई स्टेप शिकवता शिकवता तुझ्याशी बोलायला लागेल.

त्याहून चांगलं म्हणजे रिटायर्ड लोक. हे मी प्रत्येकाला सांगते आणि वयामुळे मुलं ऐकत नाहीत. साठी ओलांडलेल्या माणसांना वेळ असतो, वाक्यं पूर्ण करतात, इंग्रजीवर सहसा जात नाहीत आणि चूक झाली तर मायेने दुरुस्त करतात. ती भेटतात कुठे? सेवाभावी संस्थांत. कोल्यूश या विनोदी कलाकाराने १९८५ साली सुरू केलेलं रेस्तो द्यू कर आहे, गरजूंना अन्न वाटतात, गावोगावी केंद्रं आहेत, स्वयंसेवक लागतातच. आठवड्यातून अर्धा दिवस उभी राहा, येणाऱ्या प्रत्येकाला तेच पाच प्रश्न विचारायचे असतात, तुझी वाक्यं घासून गुळगुळीत होतात. पैसे हवे असतील तर स्टुडंट व्हिसावर वर्षाला ९६४ तासांपर्यंत नोकरी करता येते, पण मग इंग्रजी बोलणाऱ्या हॉटेलात नको, क्रेपरीत (तिथल्या पातळ धिरड्यांच्या हॉटेलात) किंवा बाजारातल्या स्टॉलवर बघ.

गप्पांना विषय काय, हा प्रश्न येतोच, तर पाऊस. ब्रेस्तची माणसं आपल्या पावसाबद्दल तक्रार आणि अभिमान दोन्ही एकाच वाक्यात करतात. त्यांना सांग की तुमच्याकडे वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर, तो पण वर्षभर भुरभुर, आमच्याकडे कोकणात तीन हजारांच्या आसपास आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. एवढ्यावर अर्धा तास जातो, मी स्वतः घालवलाय. घरचं काही सांगायचं असलं की अशी दोनतीन किस्से-माहिती फ्रेंचमध्ये तयार ठेवावीच, होळी-शिमगा कसा असतो, आंबा कधी येतो, घरची होडी. तीच गोष्ट पाचव्यांदा सांगताना तू व्याकरणाचा विचार करत नाहीस, समोरचा कुठे हसतो ते बघतेस.

कोर्सबद्दल: पैसे भरून अजून व्याकरणाचा कोर्स नको. नगरपालिकेच्या लायब्ररीत किंवा युनिव्हर्सिटीत गप्पांचे ग्रुप किंवा भाषा-जोडी चालते का विचार, जोडीत अर्धा तास फ्रेंच, अर्धा तास समोरच्याला हवी ती भाषा, आणि अर्धा म्हणजे अर्धा, घड्याळ लावून, नाहीतर सगळं इंग्रजीतच संपतं.

बी२ ची घाई नको. ज्या कोर्सला आहेस त्याला लागत नाहीये, आणि बी२ ची तोंडी वेगळ्या जातीची असते, अर्धा तास तयारी, मग आपलं मत मांडायचं आणि ते परीक्षकासमोर लढवायचं. पास व्हायला शंभरात ५० आणि चारही भागांत प्रत्येकी २५ पैकी किमान ५ लागतात. एकदा मिळालं की डेल्फ कायमचं, टीसीएफ या दुसऱ्या फ्रेंच परीक्षेसारखं दोन वर्षांत संपत नाही, म्हणून पुढच्या वर्षी दिलंस तरी काही हुकत नाही. इंटर्नशिपसाठी फ्रेंच लॅब बघणार असशील तर मात्र आत्तापासून स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल तीन मिनिटं बोलायचं तयार कर, आणि ते पहिल्यांदा प्रोफेसरला ऐकवू नकोस, त्या मासेवाल्याला ऐकव. माशांवरचं संशोधन आहे म्हटल्यावर तो प्रोफेसरपेक्षा जास्त प्रश्न विचारेल. फक्त गर्दीच्या वेळी नको, बाजार उठायच्या जरा आधी जा, तेव्हा त्याचा बर्फ वितळत आलेला असतो आणि हात रिकामे असतात.